कारखान्याचा ‘मेंदू’ बदलायचा, पण गाळप थांबवायचं नाही! पीएलसीचा प्रोसेसर बदलताना नेमकं काय करावं लागतं?

साखर कारखाना मध्येच बंद पडला की पूर्वी यार्डात एकच प्रश्न असायचा: ‘रोलर गेला का?’ आता गाडीवान आणि ट्रॅक्टरवाल्यांच्या तोंडी दुसराच शब्द आलाय. ‘पीएलसी गेलाय म्हणं!’

हा पीएलसी म्हणजे काय, तो जातो म्हणजे काय होतं, आणि जुना झाला म्हणून बदलायचा ठरवला तर कारखाना किती वेळ बंद ठेवावा लागतो, याची माहिती सभासदांपर्यंत सहसा पोहोचत नाही. खरं तर हा विषय थेट शेतकऱ्याच्या खिशाशी जोडलेला आहे. म्हणून तो जरा सविस्तर समजून घेऊ.

बंदचा हिशेब आधी पाहू

समजा, कारखान्याची गाळप क्षमता दिवसाला ५,००० टन आहे. म्हणजे तासाला साधारण २०८ टन ऊस गव्हाणीत पडतो. आठ तास बंद म्हणजे जवळपास १,६७० टन ऊस गाळायचा राहिला. एका ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांत १५ टन धरले, तरी शंभराहून जास्त ट्रॅक्टर यार्डात नुसते उभे.

आणि ऊस काही थांबत नाही. तोडलेला ऊस उन्हात सुकतो, वजन घटतं, आणि आतली साखर फुटायला लागते. म्हणून तर तोडल्यापासून २४ तासांच्या आत गाळप व्हावं, असं शेती खातं सांगत असतं. एफआरपी साखर उताऱ्याशी बांधलेली आहे. उतारा घसरला की त्याचा फटका शेवटी सगळ्यांच्याच हिशेबात बसतो. तोडणी टोळीचंही तेच. गाडी खाली झाली नाही तर दुसरी खेप नाही, आणि खेप नाही तर मजुरी नाही.

अशा वेळी ‘प्रोसेसर बदलायचाय, चार दिवस बंद ठेवा’ असं कुणी म्हणालं तर ते चालणारच नाही. मग हे काम आठ तासांत कसं बसवायचं? खरा प्रश्न हा आहे.

पीएलसी म्हणजे काय?

पीएलसी म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. पूर्वी मोटारी चालू-बंद करायला, एक मशीन थांबलं की मागचं थांबवायला भिंतभर रिले असायचे. एखादा बदल करायचा म्हणजे वायरमनने दिवसभर वायरी सोडायच्या आणि जोडायच्या. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्याला १९६८ च्या सुमारास हीच अडचण सतावत होती. गाडीचं मॉडेल बदललं की रिलेची सगळी वायरिंग बदलावी लागायची. त्यावर उपाय म्हणून डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मॉडिकॉन ०८४’ हा कंट्रोलर तयार केला. वायरी तशाच ठेवून फक्त प्रोग्रॅम बदलायचा, ही त्यातली मुख्य कल्पना.

आजच्या पीएलसीचे ढोबळ चार भाग. वीज देणारा पॉवर सप्लाय. बाहेरून येणारे सिग्नल घेणारी आणि बाहेर हुकूम देणारी इनपुट-आउटपुट कार्डं. इतर मशीनशी बोलणारी कम्युनिकेशन कार्डं. आणि या सगळ्यांच्या मधोमध प्रोसेसर, म्हणजे सीपीयू. हे सगळं एका रॅकवर ओळीने बसवलेलं असतं.

प्रोसेसर एकच काम दिवसरात्र करत असतो. सगळे इनपुट वाचायचे, प्रोग्रॅमप्रमाणे निर्णय घ्यायचा, आउटपुट द्यायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. या एका फेरीला ‘स्कॅन’ म्हणतात. ती काही मिलिसेकंदांत पूर्ण होते. पहिल्या मिलच्या चुटमध्ये ऊस किती भरलाय ते पाहून केन कॅरिअरचा वेग कमी-जास्त करणं, फायब्रायझरवर लोड आला की मागचा कॅरिअर थांबवणं, रसाचा पीएच सांभाळणं, सेंट्रीफ्यूगल मशीनची फेरी चालवणं, ही सगळी कामं याच फेरीत होतात.

चालतंय ना? मग बदलायचं कशाला?

मीटिंगमध्ये हा प्रश्न हमखास येतो. आणि प्रश्न चुकीचा नाही. चालू मशीनला विनाकारण हात लावू नये, हे जुन्या फिटरचं म्हणणं खरंच आहे. पण प्रोसेसरच्या बाबतीत चार कारणं अशी आहेत की ती टाळता येत नाहीत.

एक, सुटे भाग. कंपन्या जुनी मालिका बंद करतात. अॅलन-ब्रॅडलीचा पीएलसी-५ हा एकेकाळी सगळीकडे दिसणारा कंट्रोलर. तो १९८६ साली बाजारात आला आणि २०१७ मध्ये त्याची विक्री थांबली. सीमेन्सची एस७-३०० ही मालिका आपल्याकडच्या अनेक पॅनेलमध्ये आजही दिसते. ती टप्प्याटप्प्याने बंद करायचं कंपनीने जाहीर केलंय आणि नव्या कामासाठी एस७-१५०० पुढे केलाय. मालिका बंद झाली की सुटा भाग जुन्या बाजारात मिळतो, तोही वापरलेला, आणि म्हणेल त्या किमतीला.

दोन, बॅटरी. जुन्या अनेक प्रोसेसरमध्ये प्रोग्रॅम बॅटरीच्या आधारावर टिकतो. बॅटरी उतरली, त्यात लाइट गेली, की प्रोग्रॅम पुसला जातो. कंट्रोललॉजिक्सच्या एल६ मालिकेत बॅटरी होती. पुढच्या एल७ मध्ये तिची जागा ऊर्जा साठवणाऱ्या छोट्या मॉड्यूलने घेतली. वीज गेली की ते मॉड्यूल प्रोग्रॅम कायमच्या मेमरीत उतरवण्याएवढा वेळ देतं. एस७-१५०० मध्येही प्रोग्रॅम कार्डावर असतो, बॅटरीवर नाही.

तीन, लॅपटॉप. जुन्या प्रोसेसरशी बोलायला जुनं सॉफ्टवेअर, जुनी विंडोज आणि जुनी केबल लागते. ‘तो एक लॅपटॉप आहे, त्याच्यातच चालतंय’ असं ज्या कारखान्यात ऐकू येतं, तिथे तो लॅपटॉप पडला की सगळं थांबलं.

चार, जागा संपणं. डिस्टिलरी जोडायची, कोजन वाढवायचं, नवा वजनकाटा जोडायचा, तर जुन्या प्रोसेसरच्या मेमरीत जागा उरलेली नसते.

सगळं नाही, फक्त मेंदू

कमी वेळात काम उरकण्याचं पहिलं सूत्र सोपं आहे. वायरीला हात लावायचा नाही. एका पॅनेलमध्ये शेकडो वायरी असतात. एक वायर सोडली की ती चुकीच्या जागी लागण्याची शक्यता तयार होते, आणि मग प्रत्येक वायर तपासण्यात दिवस जातो. म्हणून कार्डं आणि वायरिंग तसंच ठेवून फक्त प्रोसेसर बदलता येईल का, ते आधी पाहायचं.

कंट्रोललॉजिक्समध्ये हे सोपं आहे. एल६ काढून एल७ किंवा एल८ त्याच रॅकमध्ये, त्याच कप्प्यात बसतो. आजूबाजूची कार्डं तीच राहतात. कप्पा मात्र तोच ठेवावा. बाकीच्या मशीन आणि कंट्रोल रूमचे स्क्रीन प्रोसेसरला कप्प्याच्या नंबरावरून शोधतात.

सीमेन्समध्ये एस७-३०० चा सीपीयू काढून त्याच पट्टीवर एस७-१५०० बसत नाही. तिथे वेगळी युक्ती आहे. एस७-३०० ची कार्डं आणि ईटी २००एम या रिमोट व्यवस्थेची कार्डं एकच आहेत. त्यामुळे जुना सीपीयू काढायचा, त्याच्या जागी आयएम १५३ हे जोडणीचं मॉड्यूल बसवायचं, आणि नवा सीपीयू शेजारी लावून केबलने जोडायचा. कार्डांच्या पुढचे कनेक्टर जागचे हलत नाहीत. मिल हाउसमधले पॅनेल आधीपासून प्रोफिबसवर असतील तर काम आणखी हलकं. १५१६-३ पीएन/डीपी सारख्या सीपीयूला प्रोफिबसचा पोर्ट असतोच.

काही मोठ्या प्लँटमध्ये दोन प्रोसेसर जोडीने चालतात. एक बिघडला तर दुसरा लगेच भार घेतो, आणि बिघडलेला चालू प्लँटमध्ये बदलता येतो. पण मालिकाच बदलायची असेल तर तिथेही थोडा थांबा धरूनच चालावं.

खरं काम बंदच्या आधी संपतं

प्रोसेसर प्रत्यक्ष काढून दुसरा बसवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. बाकी सगळा वेळ तयारीचा आणि तपासणीचा. तयारी पक्की असेल तर बंद लहान होतो. ती कच्ची असेल तर आठ तासांचे दोन दिवस कधी होतात ते कळत नाही.

*नोंद.* रॅकचे फोटो काढायचे. प्रत्येक कार्डाचा पूर्ण नंबर, सिरीज, फर्मवेअर, कप्पा, छोट्या स्विचची स्थिती, नोड नंबर, आयपी पत्ता, सगळं कागदावर उतरवायचं. नवा प्रोसेसर जास्त वीज ओढत असेल तर जुना पॉवर सप्लाय पुरेल का, तेही मोजायचं.

*प्रोग्रॅमची खरी प्रत.* कपाटातल्या सीडीवर जो प्रोग्रॅम आहे तोच मशीनमध्ये चालू आहे, असं कधीच धरू नये. मधल्या हंगामांत रात्रपाळीत कुणीतरी एखादी ओळ बदललेली असते. म्हणून चालू प्रोसेसरमधून प्रोग्रॅम वर घ्यायचा आणि कपाटातल्या प्रतीशी ताडून पाहायचा.

इथे एक मेख आहे. एस७-३०० मधून प्रोग्रॅम वर घेतला तर नावं आणि टिपणं येत नाहीत, नुसते पत्ते येतात. ‘केन कॅरिअर चालू’ असं न दिसता ‘क्यू ४.२’ असं दिसतं. जुन्या कंट्रोललॉजिक्समध्येही टिपणं प्रोसेसरमध्ये नसतात, ती मूळ फाइलमध्ये असतात. म्हणून ठेकेदाराने दिलेली मूळ फाइल आणि तिचा पासवर्ड कारखान्याच्या ताब्यात आहे का, हे बंदच्या महिनाभर आधी पाहायचं. बंदच्या दिवशी फोन लावत बसायची वेळ येऊ नये.

*चालू आकडे.* प्रोग्रॅम ही एक गोष्ट, आणि त्यातले सेटपॉइंट ही दुसरी. चुटची पातळी किती ठेवायची, पीएच किती, पीआयडीचं ट्यूनिंग काय, हे आकडे ऑपरेटरने वर्षानुवर्षं जुळवत आणलेले असतात. नव्या प्रोसेसरमध्ये जुनी फाइल टाकली की फाइल साठवली त्या दिवसाचे आकडे येतात, नाहीतर सुरुवातीचे कोरे. म्हणून बंद केल्यानंतर, जुना प्रोसेसर काढण्याच्या अगदी आधी, हे आकडे पुन्हा एकदा घ्यायचे. शिवाय महत्त्वाचे पन्नास-साठ आकडे वहीत हाताने लिहून ठेवायचे. वही हँग होत नाही!

*टेबलावरची चाचणी.* नवा प्रोसेसर आधी टेबलावर चालवून पाहायचा. फर्मवेअर तिथेच भरायचं. कंट्रोललॉजिक्सचा नवा प्रोसेसर खोक्यातून येतो तेव्हा त्यात कामाचं फर्मवेअर नसतंच, ते टाकावं लागतं. हे काम बंदच्या दिवशी करायला गेलं तर एक तास तिथेच गेला.

नवा प्रोसेसर वेगवान. तीच अडचण!

वेग वाढला तर चांगलंच, असं कुणालाही वाटेल. पण जुना प्रोग्रॅम कधी कधी जुन्या वेगाच्या भरवशावर लिहिलेला असतो.

उदाहरण घ्या. कॅरिअरचा वेग हळूहळू वाढावा म्हणून कुणीतरी लिहिलंय: प्रत्येक फेरीला आकडा एकाने वाढव. जुन्या प्रोसेसरची फेरी ४० मिलिसेकंदांची असेल तर शून्यापासून हजारापर्यंत जायला ४० सेकंद लागायचे. नव्याची फेरी ५ मिलिसेकंदांची असेल तर तेच अंतर ५ सेकंदांत कापलं जातं. कॅरिअर झटका मारून पळणार, चुट तुंबणार, मिल ट्रिप होणार. प्रोग्रॅममध्ये एक अक्षर बदललेलं नाही, तरी वागणं बदललं. पीआयडीचंही तसंच. तो ठरावीक वेळाने चालणाऱ्या भागात नसेल तर त्याचं ट्यूनिंग बिघडतं. म्हणून फेरी मोजणारी प्रत्येक ओळ शोधून तिथे खरा टायमर बसवायचा. तोही टेबलावर असतानाच.

दुसरा फरक त्याहून महत्त्वाचा. एस७-३०० मध्ये एखादं रिमोट पॅनेल तुटलं आणि त्या बिघाडासाठीचा खास ब्लॉक प्रोग्रॅममध्ये नसला, तर सीपीयू सरळ ‘स्टॉप’ला जातो आणि सगळं थांबतं. एस७-१५०० तसा थांबत नाही, तो चालूच राहतो. म्हणजे जुन्या व्यवस्थेत जे संरक्षण आपोआप मिळत होतं, ते नव्यात कुणीतरी विचार करून लिहावं लागतं. पॅनेल तुटलं तर काय काय थांबायला हवं, याची यादी चीफ इंजिनिअर आणि मिलच्या जाणत्या माणसांनी मिळून करावी. हे एकट्या प्रोग्रॅमरवर सोडण्याचं काम नाही.

कंट्रोल रूमचे स्क्रीनही तपासावे लागतात. जुना स्काडा नव्या सीपीयूशी जुन्याच पद्धतीने बोलणार असेल तर सीपीयूमध्ये त्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती दिली नाही तर प्लँट चालतो, पण स्क्रीनवर एकही आकडा उमटत नाही.

आठ तासांचं वेळापत्रक: एक उदाहरण

सगळ्यात उत्तम वेळ म्हणजे बिगर हंगाम. पाऊस सुरू झाल्यापासून गव्हाणीत मोळी पडेपर्यंत हातात महिने असतात. पण प्रोसेसर हंगामातच कुरकुरायला लागला तर जनरल क्लिनिंगच्या बंदमध्ये काम बसवता येतं. त्याची आखणी साधारण अशी करता येईल.

– सकाळी ६ : गव्हाण बंद. कॅरिअर आणि मिल रिकाम्या करायच्या, रस पुढे काढून द्यायचा.

– ७ : मोटारींची वीज तोडून कुलपं आणि पाट्या लावायच्या.

– ७.३० : शेवटचा प्रोग्रॅम आणि चालू आकडे वर घ्यायचे. दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी.

– ८ : रॅकची वीज बंद. मनगटाला अर्थिंगचा पट्टा लावून प्रोसेसरची अदलाबदल. नव्या प्रोसेसरची किल्ली ‘प्रोग्रॅम’वर, ‘रन’वर नाही.

– ८.३० : प्रोग्रॅम भरायचा. प्रत्येक कार्ड ओळखलं गेलं का ते पाहायचं.

– ९ ते ११.३० : सिग्नल तपासणी. एक माणूस जागेवर, एक स्क्रीनपुढे. जागेवरचा सेन्सर हलवला की स्क्रीनवर तोच हलला पाहिजे. मोटारींची वीज तुटलेली असतानाच आउटपुट देऊन पॅनेलमधले रिले पाहायचे.

– ११.३० : निर्णय. पुढे जायचं की जुना प्रोसेसर परत बसवायचा.

– ११.३० ते १ : सगळी माणसं बाहेर आल्याची खात्री करून मोटारी रिकाम्या चालवायच्या. इंटरलॉक एकेक करून पाहायचे. आणीबाणीचं बटण दाबून पाहायचं.

– १ ते २ : राखीव तास. हा तास कागदावर असलाच पाहिजे.

– २ : ऊस.

यात सगळ्यात महत्त्वाची ओळ साडेअकराची आहे. जुना प्रोसेसर परत बसवायला आणि त्याची तपासणी करायला दोन-अडीच तास लागतात. तेवढा वेळ शिल्लक असतानाच निर्णय घ्यायचा. ‘अजून अर्धा तास बघू, होईल’ असं म्हणत दुपारचे तीन वाजले की परतीचा रस्ता बंद होतो. निर्णय कुणी घ्यायचा, त्या एका माणसाचं नाव आदल्या दिवशीच ठरवावं.

आणखी एक पथ्य. त्या दिवशी दुसरं काहीही बदलायचं नाही. ‘उघडलंच आहे तर तो लेव्हल ट्रान्समीटरही बदलू’ हा मोह टाळायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघाड आला, तर दोष कशाचा ते शोधण्यातच दिवस संपतो.

आत माणूस आहे!

आता सगळ्यात गंभीर भाग. जनरल क्लिनिंगच्या वेळी प्लँट बंद असतो, पण रिकामा नसतो. कुणी कॅरिअरमध्ये उतरून साफसफाई करत असतं, कुणी श्रेडरचे हातोडे बदलत असतं, कुणी मिलखाली वाकून काम करत असतं. आणि त्याच वेळी कंट्रोल रूममध्ये कुणीतरी आउटपुट तपासत असतं.

नवीन प्रोसेसर ‘रन’वर गेला की जुन्या साठवलेल्या स्थितीप्रमाणे एखादी मोटार आपोआप सुरू होण्याची आज्ञा देऊ शकतो. काही प्रोसेसरमध्ये कार्डावर ‘वीज आली की प्रोग्रॅम भर’ अशी खूण केलेली असते. लाइट येताच तो कुणाला न विचारता चालू होतो. म्हणून कार्ड बसवण्याआधी ती खूण पाहायची. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, सॉफ्टवेअरच्या भरवशावर माणसाला मशीनमध्ये उतरवायचं नाही. मोटारीची वीज मुख्य स्विचवर तोडलेली, त्यावर कुलूप, आणि किल्ली आत उतरलेल्या माणसाच्या खिशात. किल्ली त्याच्याकडून परत आल्याशिवाय कुलूप निघणार नाही. वरिष्ठांनी सांगितलं तरी नाही.

आणीबाणीच्या बटणाची तार प्रोसेसरमधून न जाता थेट स्टार्टरपर्यंत गेलेली आहे का, तेही याच निमित्ताने बघून घ्यावं. मेंदू बेशुद्ध पडला तरी ते बटण चाललं पाहिजे.

बॉयलरचं नियंत्रण शक्यतो वेगळ्या कंट्रोलरवर असतं आणि ते वेगळंच ठेवावं. ड्रमची पातळी आणि सुरक्षेची यंत्रणा मिलच्या प्रोसेसरशी जोडलेली असेल, तर बॉयलर पूर्ण थंड असल्याशिवाय या कामाला हात घालू नये.

डेअरी आणि पाणी योजनेत काय?

दूध प्लँटमध्ये बंदची वेळ सकाळ-संध्याकाळच्या संकलनामध्ये मिळते. दूध ४ अंशांपर्यंत थंड ठेवलेलं असेल तर थोडी उसंत असते. तिथे महत्त्वाची चाचणी एकच. पाश्चरायझरमध्ये दूध ७२ अंशांवर १५ सेकंद राहिलं नाही तर ते मागे वळवणारा व्हॉल्व्ह असतो. नवा प्रोसेसर बसवल्यावर पाण्यावर चालवून, तापमान मुद्दाम खाली आणून, तो व्हॉल्व्ह वळतो का ते पाहिल्याशिवाय दूध सोडायचं नाही.

गावच्या प्रादेशिक पाणी योजनेत पंप पॅनेलवरून हाताने चालवता येतात. टाक्या भरून घ्यायच्या, ऑपरेटरला ‘मॅन्युअल’वर बसवायचं आणि काम उरकायचं. गावाला कळतही नाही. पण टाकी भरल्याचा सिग्नल त्या काळात बंद असतो. टाकीवर एक माणूस हवाच, नाहीतर पाणी रस्त्याने वाहतं.

काम झाल्यावर

नवा प्रोसेसर चालू झाला म्हणजे काम संपलं असं नाही. पुढचे दोन दिवस तिन्ही पाळ्यांत जाणकार माणूस हजर हवा. कारण काही अडचणी लाइट गेल्यावरच कळतात, काही रात्री लोड बदलल्यावर.

काढलेला जुना प्रोसेसर भंगारात टाकू नये. पाटी लावून, अँटिस्टॅटिक पिशवीत, त्याच्या प्रोग्रॅमसह कपाटात ठेवावा. एस७-३०० चं मेमरी कार्ड मोबाइलच्या कार्डासारखं दिसतं म्हणून लॅपटॉपमध्ये घालून विंडोजमध्ये फॉरमॅट करू नये. तसं केलं तर सीपीयू ते स्वीकारत नाही. नव्या प्रोग्रॅमची एक प्रत कारखान्यात, एक बाहेर, आणि पासवर्ड बंद पाकिटात कार्यकारी संचालकांच्या तिजोरीत.

सभासदांनी सभेत विचारावेत असे पाच प्रश्न

वार्षिक सभेत भाव आणि कपातीवर तासन् तास चर्चा होते, ती व्हायलाच हवी. त्यातली पाच मिनिटं यासाठीही काढा.

१. आपल्या मिलचा, सेंट्रीफ्यूगलचा आणि बॉयलरचा प्रोसेसर कोणत्या मालिकेचा आहे? ती मालिका चालू आहे की बंद झाली?

२. त्याच मॉडेलचा सुटा प्रोसेसर स्टोअरमध्ये आहे का? तो शेवटचा कधी लावून पाहिला?

३. प्रोग्रॅमची मूळ फाइल आणि पासवर्ड कुणाकडे आहे? कारखान्याकडे की ठेकेदाराकडे?

४. प्रोसेसर मध्यरात्री गेला तर तो बदलणारा माणूस कारखान्यात आहे, की पुण्या-मुंबईहून येणार?

५. साफसफाईच्या वेळी मोटारींना कुलूप लावायची पद्धत कागदावर आहे की प्रत्यक्षात?

यातल्या चौथ्या प्रश्नात आपल्या पोरांसाठी एक संधीही आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक केलेल्या मुलाला पीएलसीचं काम शिकणं अवघड नाही. बिगर हंगामात अशा दोन-तीन मुलांना ठेकेदाराच्या माणसाबरोबर पूर्ण वेळ उभं केलं, तर पुढच्या हंगामात रात्री दोन वाजता फोन लावायची गरज उरत नाही. ठेका देतानाच ‘आमच्या माणसांना शिकवायचं’ ही अट करारात घालून घ्यावी. तिला वेगळा खर्च फारसा येत नाही.

हंगाम संपला की कारखान्यात ओव्हरहॉलिंगची यादी निघते. रोलर, बेअरिंग, चेन, पंप अशी ती पानभर असते. त्याच यादीत यंदा एक ओळ वाढवावी: प्रोसेसर, त्याची बॅटरी आणि प्रोग्रॅमची प्रत. या तीन गोष्टी पावसाळ्यात तपासून ठेवल्या, तर जानेवारीत यार्डातला ट्रॅक्टर त्यांच्यासाठी थांबणार नाही.